पावसाळी नेटवरही टिकेल असा प्रोग्राम : पायथॉनमधून पर्फोर्स सर्व्हरशी संवाद

मालवण, देवगड, कुडाळ, रत्नागिरी अशा ठिकाणी घरी राहून पुण्या-मुंबईच्या गेम आणि अॅनिमेशन स्टुडिओंची कामं करणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. अशा स्टुडिओत रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात ‘पर्फोर्स’ हे नाव कानावर पडतं. गिटसारखीच, फायलींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी ही प्रणाली. कॉलेजात गिट वापरलेलं असतं, पर्फोर्स क्वचितच. मग कोणीतरी सांगतं, ‘रोज संध्याकाळी नवीन मॉडेल्स आपोआप उतरवून घेणारी एक स्क्रिप्ट लिही.’ तिथून सुरुवात करायची आहे. पायथॉनचे लूप, लिस्ट आणि डिक्शनरी तुम्हाला येतात असं मी धरून चालतो.

आज्ञा, पर्याय आणि फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान लिपीत करायची. जिथे मोठी लिपी लागते तिथे तसं सांगेन.

आधी एक फरक डोक्यात पक्का करा. गिटमध्ये सगळा इतिहास तुमच्याच मशीनवर असतो. पर्फोर्समध्ये तो सर्व्हरवर असतो आणि तुमच्याकडे फक्त हव्या त्या फायलींच्या प्रती येतात. कोणाकडे कुठल्या फायलीची कितवी आवृत्ती आहे, कोणी कोणती फाइल बदलायला घेतली आहे, याची नोंद सर्व्हर ठेवतो. कित्येक गिगाबाइटची टेक्स्चर आणि मॉडेल्स असलेल्या प्रकल्पांना ही पद्धत सोयीची पडते. पण त्यामुळे तुमच्या स्क्रिप्टचं जवळजवळ प्रत्येक पाऊल नेटवर्कवरून जातं. आणि जूनपासून आपल्याकडे लाईट आणि नेट यांचा भरवसा किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून सुरुवातीपासूनच जोडणी मध्येच तुटेल असं गृहीत धरून लिहा, आणि तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर काही बिघडणार नाही याची काळजी घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

घरच्या घरी सर्व्हर

स्टुडिओच्या खऱ्या सर्व्हरवर शिकू नका. परवाना न घेता पर्फोर्सचा सर्व्हर ५ वापरकर्ते आणि २० वर्कस्पेसपर्यंत (वर्कस्पेस म्हणजे तुमच्या मशीनवरची कामाची जागा, तपशील पुढे) चालतो, आणि शिकायला तेवढं भरपूर आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरून सर्व्हरचा प्रोग्राम ‘पी४डी’ आणि आज्ञा देण्याचा प्रोग्राम ‘पी४’ उतरवून घ्या. जुन्या कागदपत्रांत याच सर्व्हरचं नाव हेलिक्स कोर असं दिसेल. वस्तू तीच आहे.

एक रिकामा फोल्डर करा. पी४डी चालवताना ‘-आर’ देऊन फोल्डरचा पत्ता सांगा, ‘-पी’ देऊन पोर्ट सांगा. पोर्ट नेहमीचा म्हणजे १६६६. सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपवर असल्यामुळे नेट नसलं तरी सराव थांबत नाही.

सर्व्हर सुरू करण्याआधी एक निर्णय घ्यायचा आहे, आणि आपल्यासाठी तो महत्त्वाचा आहे. फायलींची नावं किंवा बदलांची वर्णनं देवनागरीत ठेवायची असतील तर सर्व्हर युनिकोड मोडमध्ये हवा. पी४डी एकदाच ‘-एक्सआय’ पर्याय देऊन, त्याच ‘-आर’ फोल्डरसकट चालवला की तो मोड लागतो. नंतर तो उलटवता येत नाही, म्हणून हे सरावाच्याच सर्व्हरवर करा. स्टुडिओच्या सर्व्हरबाबत तिथल्या अॅडमिनला विचारा.

सरावासाठी खरा वाटेल असा प्रकल्प घ्या. मी सिंधुदुर्ग किल्ल्याचं त्रिमिती मॉडेल घेतो. कुरटे बेटावर १६६४ साली ज्याचं बांधकाम सुरू झालं तो किल्ला. ‘दूधबाव’, ‘साखरबाव’, ‘दहीबाव’ या तिथल्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी, ‘दिल्ली दरवाजा’, तटबंदी, बुरूज, प्रत्येकाची वेगळी फाइल. सर्व्हरवरचा पत्ता असा होईल : //डेपो/सिंधुदुर्ग/विहिरी/दहीबाव. सुरुवातीचा ‘डेपो’ हा शब्द इंग्रजीत, कारण सर्व्हर आपणहून त्या नावाचा डेपो, म्हणजे फायलींचं कोठार, तयार करतो. पुढची नावं देवनागरीत राहू शकतात.

पहिली जोडणी

पर्फोर्सची मूळ क्लायंट एपीआय, म्हणजे आपल्या प्रोग्राममधून सर्व्हरशी बोलण्याची सोय, सी++ मध्ये आहे. पायथॉन, रुबी, पर्ल यांच्यासाठीची लायब्ररी तिच्यावरच बांधलेली आहे. आपण पायथॉनची घेऊ. ‘पिप इन्स्टॉल पी४पायथॉन’ केलं की ती बसते. इम्पोर्ट करताना मॉड्यूलचं नाव पी४, त्यातल्या क्लासचं नावही पी४, आणि दोन्हीकडे पी मोठ्या लिपीत. त्याच मॉड्यूलमधून ‘पी४एक्सेप्शन’ (पी आणि ई मोठ्या लिपीत) हा क्लासही घ्या, तो पुढे लागेल.

क्लासचा एक ऑब्जेक्ट करा आणि जोडण्याआधी त्याचे चार गुणधर्म भरा : पोर्ट, यूजर, क्लायंट आणि युनिकोड सर्व्हर असेल तर चारसेट (अक्षरांची सांकेतिक पद्धत), ज्यात ‘यूटीएफ८’ लिहायचं. चारसेट राहिला तर युनिकोड सर्व्हर तुमची आज्ञाच नाकारतो. उलट सर्व्हर युनिकोड नसताना चारसेट दिला तरीही तो नाकारतो. नवख्यांचा पहिला तास बहुधा इथेच जातो, त्यामुळे ‘युनिकोड’ शब्द असलेली चूक दिसली की आधी चारसेटकडे बघा.

पाचवा एक गुणधर्म सक्तीचा नाही, पण मी तो नेहमी भरायला सांगतो : ‘प्रॉग’. त्यात स्क्रिप्टचं नाव लिहा. सर्व्हरच्या लॉगमध्ये ते उमटतं, आणि सर्व्हर मंदावला तर कुठली स्क्रिप्ट काय करते आहे हे अॅडमिनला लगेच कळतं.

मग ‘कनेक्ट’ करा आणि ‘रन’ फंक्शनला ‘इन्फो’ ही आज्ञा द्या. उत्तर म्हणून एक लिस्ट येते आणि तिच्यात डिक्शनरी असते. सर्व्हरची आवृत्ती, तुमचं नाव, वर्कस्पेस, सगळं त्यात दिसतं. हीच या एपीआयची मोठी सोय. टर्मिनलवर छापलेली ओळ तोडून तोडून अर्थ काढायची गरज उरत नाही. एक लक्षात ठेवा : या डिक्शनरीतल्या सगळ्या किमती स्ट्रिंग असतात. आकड्यांची बेरीज करायची तर आधी त्यांचे पूर्णांक करून घ्या.

‘रन’ला आज्ञेचं नाव वेगळं देण्याऐवजी ‘रन_इन्फो’, ‘रन_सिंक’ असंही लिहिता येतं. दोन्ही एकच.

जोडणी ‘विथ’ विधानात उघडा, म्हणजे काम संपलं की ती आपोआप बंद होते. आणि एका कामासाठी एकच जोडणी. सिंधुदुर्गावर जाणारी होडी एकेका प्रवाशासाठी वेगळी सोडत नाहीत. प्रत्येक फाइलसाठी कनेक्ट, डिस्कनेक्ट करणारी स्क्रिप्ट मंद नेटवर रांगत चालते. मात्र थ्रेड वापरत असाल तर एकाच ऑब्जेक्टवर दोन थ्रेडनी एका वेळी काम करू नये. प्रत्येक थ्रेडला स्वतःचा ऑब्जेक्ट द्या.

लॉगिन आणि पासवर्ड

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. कधीच नाही. टर्मिनलवर एकदा ‘पी४ लॉगिन’ करा. सर्व्हर एक तिकीट देतो, ते तुमच्या मशीनवरच्या तिकिटांच्या फायलीत साठतं आणि पायथॉनची लायब्ररी ते आपणहून वापरते. तिकिटाची मुदत सहसा १२ तास असते. ती संपली की ‘सेशन एक्स्पायर्ड’ अशी चूक येते. रोज आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी अॅडमिनकडून वेगळा वापरकर्ता मागून घ्या, ज्याच्या गटाला लांब मुदत दिलेली आहे आणि हक्क मात्र अगदी जेवढे लागतात तेवढेच.

सर्व्हरचा पत्ता ‘एसएसएल’ ने सुरू होत असेल, म्हणजे जोडणी सांकेतिक असेल, तर पहिल्या वेळी तो आपला फिंगरप्रिंट, म्हणजे ओळख पटवणारा संकेत, दाखवतो आणि ‘पी४ ट्रस्ट’ करायला सांगतो. डोळे मिटून हो म्हणू नका. तोच फिंगरप्रिंट अॅडमिनकडून फोनवर वाचून घ्या, जुळला तरच हो म्हणा.

आधी नुसतं वाचा

पहिले काही दिवस सर्व्हरवर काहीही न बदलणाऱ्या आज्ञाच चालवा. ‘चेंजेस’ ही आज्ञा शेवटचे बदल दाखवते. ‘-एम १०’ दिलं की दहाच, ‘-एस सबमिटेड’ दिलं की पूर्ण झालेलेच. पत्त्याच्या शेवटी तीन टिंबं लिहिली की त्या फोल्डरखालचं सगळं. वर्णन पूर्ण हवं असेल तर ‘-एल’ द्या, नाहीतर ते सुरुवातीच्या काही अक्षरांवर कापलेलं येतं. ‘टाइम’मध्ये १९७० पासूनचे सेकंद असतात, पायथॉनच्या डेटटाइमने त्याची तारीख करा.

पत्त्यापुढे अॅटचं चिन्ह आणि तारीख लिहून जुनी स्थिती मागता येते, जसं @२०२४/०६/०७. नुसती तारीख दिली तर ती त्या दिवसाच्या सुरुवातीची धरली जाते. म्हणजे त्या दिवशी झालेलं काम त्यात येत नाही. आणि घड्याळ सर्व्हरचं, तुमचं नव्हे. स्टुडिओचा सर्व्हर परदेशात असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

संपूर्ण डेपोच्या फायली एका दमात मागू नका. मोठ्या सर्व्हरवर अॅडमिनने मर्यादा घातलेली असते आणि ‘रिक्वेस्ट टू लार्ज’ असं उत्तर येतं. मर्यादा नसली तरीही मागू नका, त्या वेळी तिथे इतर लोकही काम करत असतात.

वर्कस्पेस

सर्व्हरवरचा कुठला भाग तुमच्या डिस्कवर कुठे उतरायचा, हे वर्कस्पेस ठरवतं. आज्ञेत त्याचंच नाव ‘क्लायंट’. ‘फेच_क्लायंट’ला नाव दिलं की ते वर्कस्पेस असेल तर त्याचा तपशील येतो, नसेल तर भरण्यासाठी नमुना येतो. त्यातलं ‘रूट’ (अशा नावांचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत) म्हणजे तुमच्या डिस्कवरचा फोल्डर. ‘व्ह्यू’ ही ओळींची लिस्ट, प्रत्येक ओळीत डावीकडे डेपोचा पत्ता आणि उजवीकडे वर्कस्पेसमधला. बदल करून ‘सेव्ह_क्लायंट’ने परत पाठवा.

नमुन्यातला व्ह्यू बहुधा सगळा डेपो जोडून देतो. तो तसाच ठेवून सिंक केलंत, म्हणजे फायली डिस्कवर उतरवल्यात, तर मोबाइलचा डेटा पॅक बघता बघता संपेल. व्ह्यूमध्ये फक्त लागणारा भाग ठेवा, जसं //डेपो/सिंधुदुर्ग/विहिरी/... एवढंच. ‘दिल्ली दरवाजा’सारख्या जागा सोडून लिहिलेल्या नावांभोवती दुहेरी अवतरण लागतं. फायलीच्या नावात #, @, % किंवा * ही चिन्हं मात्र शक्यतो टाळा. पर्फोर्सच्या पत्त्यात त्यांना वेगळा अर्थ आहे, आणि # हवंच असेल तर ते %२३ असं लिहावं लागतं, अंक इंग्रजी.

नमुन्यातल्या ‘होस्ट’मध्ये तुमच्या मशीनचं नाव भरलेलं असतं. लॅपटॉप बिघडला आणि दुसऱ्यावर काम सुरू केलंत तर सर्व्हर ते वर्कस्पेस वापरू देत नाही. नवं वर्कस्पेस करणंच बरं. कारण सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे जुन्या वर्कस्पेसमधल्या फायली तुमच्याकडे आहेत, आणि नव्या डिस्कवर तर काहीच नाही.

फायली उतरवून घेणं

इथे जरा थांबून नीट वाचा, कारण कोकणातल्या नेटवर सगळी परीक्षा याच पायरीची असते.

आधी वजन मोजा. ‘साइझेस’ आज्ञेला ‘-एस’ द्या, एकूण फायली आणि एकूण बाइट येतात. मग ‘सिंक’ला ‘-एन’ देऊन काय येणार आहे ते नुसतं बघा, त्यात काही उतरत नाही. आकडा पटला तर पुढे.

एकदम सगळं मागण्याऐवजी ‘-एम ५०’ देऊन पन्नास-पन्नास फायली मागा, आणि आणखी काही उरलं नाही असं उत्तर येईपर्यंत लूप फिरवा. उतरलेल्या फायलींची नोंद सर्व्हरकडे असते, त्यामुळे मध्येच नेट गेलं तरी पुढच्या वेळी उरलेल्याच येतात. स्क्रिप्टने ‘कुठवर आलो’ हे स्वतः लक्षात ठेवायची गरज नाही.

आता यातली मेख. उरलं काही नाही हे सर्व्हर ‘फाइल्स अप-टु-डेट’ अशा इशाऱ्याने सांगतो, आणि लायब्ररी मुळात इशाऱ्यालाही एक्सेप्शन, म्हणजे पकडली नाही तर प्रोग्राम थांबवणारी चूक, मानते. म्हणजे सगळं सुरळीत असतानाच प्रोग्राम कोसळतो. हे ठरवणारा गुणधर्म ‘एक्सेप्शन_लेव्हल’. तो २ असेल तर चूक आणि इशारा दोन्हींवर एक्सेप्शन येतं, आणि मूळ किंमत हीच आहे. १ असेल तर फक्त चुकीवर, ० असेल तर कशावरच नाही. मी १ ठेवायला सांगतो आणि इशारे ‘वॉर्निंग्स’ या लिस्टमधून वाचायला सांगतो. ० कधीच नको, चुका गिळल्या जातात.

शब्द जुळवून चूक ओळखू नका. सर्व्हरची आवृत्ती बदलली की वाक्य बदलू शकतं. ‘मेसेजेस’ या लिस्टमधल्या प्रत्येक संदेशाला ‘जेनेरिक’ नावाचा आकडा असतो. १७ म्हणजे उत्तर रिकामं, ‘अप-टु-डेट’ त्यातच येतं. ३८ म्हणजे संपर्काची चूक. यावर सगळा तर्क उभा राहतो : १७ आला तर लूप संपवा. ३८ आला तर डिस्कनेक्ट करा, थोडं थांबा, पुन्हा कनेक्ट करून तोच लूप चालू ठेवा. थांबण्याचा वेळ दर खेपेला दुप्पट करा, आणि ठरावीक खेपांनंतर नाद सोडून लॉगमध्ये ओळ लिहा. बाकी कुठलीही चूक असेल तर पुन्हा प्रयत्न करू नका. हक्क नसलेली फाइल शंभरदा मागितली तरी मिळणार नाही. ‘कनेक्ट’च फसलं तर तिथलं एक्सेप्शन वेगळं पकडा आणि संपर्काच्या चुकीसारखंच वागवा.

लाईट अचानक गेली आणि डिस्कवरच्या फायलींबद्दल शंका आली तर ‘डिफ’ आज्ञा कामाला येते. ‘-एसडी’ दिलं की नोंदीत असून डिस्कवर नसलेल्या फायली कळतात, ‘-एसई’ दिलं की सर्व्हरच्या प्रतीशी न जुळणाऱ्या. तेवढ्याच फायली ‘सिंक -एफ’ने पुन्हा मागवा. अख्ख्या प्रकल्पावर ‘-एफ’ चालवणं म्हणजे सगळा डेटा परत खाली ओढणं. आणि ‘क्लीन’ ही आज्ञा सोपी वाटली तरी ती सर्व्हरला माहीत नसलेल्या तुमच्या नव्या फायलीही पुसते. ‘-एन’ देऊन आधी बघितल्याशिवाय तिला हात लावू नका.

बदल पाठवणं

वाचणं अंगवळणी पडल्यावरच इकडे या.

डिस्कवर उतरलेल्या फायली साधारणपणे फक्त वाचण्यासाठी असतात. बदलायच्या तर आधी ‘एडिट’ने सर्व्हरला सांगावं लागतं, नवीन फाइल असेल तर ‘अॅड’ने. असे उघडलेले बदल चेंजलिस्टमध्ये जमा होतात आणि ‘सबमिट’ने एकत्र जातात. सगळ्या फायली जातात किंवा एकही जात नाही, अर्धवट सबमिट होत नाही.

बहुतेक नमुना-उदाहरणांत ‘फेच_चेंज’ करून वर्णन भरायचं आणि ‘रन_सबमिट’ करायचं असं दाखवतात. ती वाट स्क्रिप्टसाठी धोक्याची आहे. फेच_चेंजमधून मिळणाऱ्या लिस्टमध्ये डिफॉल्ट चेंजलिस्टमधल्या सगळ्या फायली असतात. त्या वर्कस्पेसमध्ये तुम्ही हाताने दहीबावेचं अर्धवट मॉडेल उघडून ठेवलं असेल तर तेही स्क्रिप्टबरोबर निघून जातं. म्हणून असं करा : फेच_चेंज करा, ‘फाइल्स’ (एफ मोठ्या लिपीत) ची लिस्ट रिकामी करा, वर्णन भरा आणि ‘सेव्ह_चेंज’ करा. उत्तरात ‘चेंज अमुक क्रिएटेड’ अशी ओळ येते, तिच्यातला दुसरा शब्द म्हणजे तुमचा क्रमांक. यापुढे एडिट, अॅड, सबमिट प्रत्येकाला ‘-सी’ आणि तो क्रमांक द्या. त्याहून चांगलं म्हणजे स्क्रिप्टसाठी वेगळं वर्कस्पेसच ठेवा.

मॉडेल आणि चित्रांच्या फायली दोघांनी एकाच वेळी बदलल्या तर त्यांचं एकत्रीकरण होत नाही. त्यामुळे अशा फायलींच्या प्रकाराला ‘+एल’ जोडतात, म्हणजे एका वेळी एकालाच उघडता येते. रत्नागिरीत बसलेल्या सहकाऱ्याने फाइल आधीच घेतली असेल तर तुम्हाला ती मिळणार नाही. एडिटच्या उत्तरात डिक्शनरीबरोबर साध्या ओळीही येतात, ‘ही फाइल अमक्यानेही उघडली आहे’ अशा. म्हणून एक्सेप्शन आलं नाही एवढ्यावर खूश होऊ नका. एडिटनंतर ‘ओपन्ड -सी क्रमांक’ चालवून हव्या त्या सगळ्या फायली खरंच तुमच्याकडे उघडल्या आहेत का ते तपासा. एखादी कमी असेल तर ‘रिव्हर्ट -सी क्रमांक’ करून थांबा, रिव्हर्टला फायलींचे पत्तेही द्यावे लागतात. सबमिटच्या वेळी ‘रिझॉल्व्ह’, म्हणजे दोघांच्या बदलांचा निवाडा, मागितला तरी थांबा. कुणाचं काम ठेवायचं आणि कुणाचं टाकायचं हे माणसाने ठरवायचं, स्क्रिप्टने नव्हे.

सबमिट चालू असताना नेट गेलं तर? लगेच पुन्हा सबमिट करू नका. बदल सर्व्हरवर पोचला असेल आणि फक्त उत्तर तुमच्यापर्यंत आलं नसेल, हेही शक्य आहे. आधी ‘चेंजेस’ला ‘-एस पेंडिंग’ आणि ‘-सी’ने तुमच्या वर्कस्पेसचं नाव द्या. तुमचा क्रमांक त्या यादीत अजून असेल तर सबमिट झालेलं नाही. जोडणी नीट करून ‘सबमिट -सी क्रमांक’ पुन्हा द्या. फसलेल्या सबमिटमुळे फायली कुलूपबंद राहिलेल्या असू शकतात. पुन्हा सबमिट यशस्वी झालं की कुलूप सुटतं, आणि काम पुढे ढकलायचं असेल तर ‘अनलॉक -सी क्रमांक’ करा, नाहीतर बाकीचे अडकून पडतील.

क्रमांक यादीत नसेल तर बदल पोचला. पण तो त्याच क्रमांकाने असेल असं नाही. तुमची चेंजलिस्ट तयार झाल्यानंतर इतर कोणी नवे क्रमांक घेतले असतील तर सबमिटच्या वेळी तुमचा बदल नव्या क्रमांकाने नोंदला जातो. उत्तर हाती आलं असेल तर त्यातल्या ‘सबमिटेडचेंज’ (चेंजचा सी मोठ्या लिपीत) या किल्लीखाली खरा क्रमांक असतो. आलं नसेल तर ‘डिस्क्राइब’ला मोठ्या लिपीतला ‘-ओ’ आणि जुना क्रमांक द्या, नवा कळेल. लॉगमध्ये नेहमी हा शेवटचा क्रमांकच लिहा.

रोज आपोआप

ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवायला विंडोजवर टास्क शेड्यूलर, लिनक्सवर क्रॉन. वेळ ठरवताना भर दुपारची किंवा संध्याकाळी सगळे काम पाठवतात ती वेळ टाळा. पहाटे सर्व्हरही मोकळा असतो आणि नेटही. आधीची फेरी संपली नसेल तर दुसरी सुरू होऊ नये, यासाठी स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक लॉक फाइल तपासा. लाईट गेल्यामुळे ती फाइल मागे राहू शकते, म्हणून तिच्यात प्रोसेसचा क्रमांक लिहा आणि तो प्रोसेस जिवंत नसेल तर जुनी लॉक फाइल बाजूला करा. शेड्यूलरमधून चालवताना तुमच्या टर्मिनलचे पी४पोर्ट, पी४चारसेट यांसारखे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मिळतीलच असं नाही, तिकिटांची फाइलही दुसऱ्या वापरकर्त्याची धरली जाऊ शकते. त्यामुळे पोर्ट, यूजर, क्लायंट आणि चारसेट स्क्रिप्टमध्येच भरा, शेड्यूलरमध्ये काम तुमच्याच खात्यावर लावा, आणि सिंकच्या आधी ‘लॉगिन -एस’ चालवून तिकीट जिवंत आहे का ते बघून घ्या.